पिंपं काय चालत जाणार आहेत

टूथपेस्टच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिने सोळा वर्षं एकच काम केलं. ट्यूब पिळायची, काचपट्टीवर पेस्टची रेघ ओढायची, तिची जाडी तीनदा मोजायची आणि सरासरी नोंदवायची. रेघ कधी बिघडली नाही. तिचा जीव मात्र त्या कामात कधी रमला नाही. पडदे लावतानाही ती फूटपट्टी घेऊन यायची, म्हणून घरात तिचं नाव ‘मिलिमीटर’ पडलं होतं.

तिला बस चालवायची होती. लहानपणी ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर ती कुणाला बसू देत नसे. डब्याचं झाकण हातात धरून प्रत्येक वळण त्याच्याबरोबर घ्यायची. बेचाळिसाव्या वर्षी तिने मनाचा हिय्या केला आणि रोज सकाळी कामाआधी शिकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी चालकांच्या भरतीला वय आडवं येणार होतं. ही परीक्षा पहिली आणि शेवटची.

“नापास झालीस तर कुणाला कळायला नको,” नवरा म्हणाला. “मी गप्प बसेन. आईची खात्री नाही.”

“मी शेजारी सांगूनसुद्धा आले,” सासूबाई वर्तमानपत्रामागून म्हणाल्या. “शेजारीणबाई विचारत होत्या, तिकीट फुकट का?”

परीक्षेत बस दोन पिंपांच्या मधून मागे घ्यायची होती. तिने हँडब्रेक ओढला, खाली उतरली, पिंपांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि वर आली. पुन्हा उतरली, पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा दाराशी गेली तेव्हा परीक्षकाने वही मिटली.

“बाई, एव्हाना प्रवासी पायी घरी पोचले असते.”

“तीनदा मोजायची सवय आहे, साहेब.”

“दोनदा किती भरलं?”

“साडेचार पावलं. दोन्ही वेळा.”

“मग तिसऱ्यांदा पिंपं काय चालत जाणार आहेत? आरसे शोभेला लावलेत का?”

ती ओशाळली. जागेवर बसली, आरशात पाहिलं. साडेचार पावलं तिथेही नीट दिसत होती. तिने बस हळूच मागे घेतली.

परीक्षक उतरला. डावीकडे पिंपापर्यंत एक वीत चार बोटं. उजवीकडे गेला, मोजलं. पुन्हा डावीकडे आला.

“उजवीकडेही तेवढंच,” तो जरा नाराजीनेच म्हणाला. “उशिराचे दोन गुण कापतो. पास.”

महिन्याअखेर प्रयोगशाळेत तिने शेवटची ट्यूब पिळली, रेघ एकदाच मोजली आणि आकडा लिहून पेनाला टोपण लावलं.

“बाकीची दोन मापं?” प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं.

“रेघ काय चालत जाणार आहे, साहेब?”

साहेबांनी चष्मा वर केला, सोळा वर्षांत पहिल्यांदाच मोजायचं यंत्र हातात घेतलं आणि रेघेवर वाकले. दोन्ही वेळा तोच आकडा आला. तोवर ती फाटकाबाहेर पोचली होती.