वार सरकलेली दिनदर्शिका

मित्रांनो, भिंतीवर खिळ्याला टांगलेली माझी भावंडं तुम्ही रोज पाहता. मला ना भिंत, ना खिळा. संगणकाला दिलेल्या आज्ञांतून जन्मलेली मी एक जुनी दिनदर्शिका आहे. लातूरच्या एका शिकवणी वर्गाच्या संकेतस्थळावर माझं सगळं आयुष्य गेलं.

मला घडवलं मुरुडच्या सुमय्यानं. वर्गाच्या कार्यालयात ती संगणकावर काम करायची. महिना कोणत्या वारी सुरू होतो ते आधी काढायचं, त्या वाराच्या आधीची घरं रिकामी सोडायची आणि मग एकापासून आकडे मांडत जायचं, एवढं तिनं मला शिकवलं. आजच्या तारखेभोवती पिवळी चौकट काढायची, परीक्षेचं घर लाल करायचं. रंग बदला, अक्षरं मोठी करा, वारांची नावं हवी तशी लिहा, सगळी मोकळीक! वर्गाचे मालक मल्लिनाथ सर तर खूश झाले. "लई झकास केलंस बाई," म्हणाले. मीही फुगले. कौतुक कुणाला नको असतं?

पण मोकळीक दिली की माणसाचे हात शिवशिवतात. आमच्या वर्गाचा आठवडा सोमवारी सुरू व्हायचा आणि ऐतवारी परीक्षेनं संपायचा. म्हणून सरांनी, सुमय्या सुट्टीवर असताना, रविवार पहिल्या घरातून काढून शेवटी लिहिला आणि बाकीचे वार एकेक घर डावीकडे ओढले. नावं सरकली, आकडे जागच्या जागी! आठवडा कुठून सुरू होतो हे मला वेगळं सांगावं लागतं, ते त्यांना कुठं ठाऊक? लातूरची पोरं फळ्यावर तारीख बघायची, त्यामुळे ओरड कुणीच केली नाही. आणि मला तर तोंडच नव्हतं.

जूनमधल्या नऊ तारखेला, रविवारी, वर्गात प्रवेशासाठी निवड परीक्षा होती. त्यात नाव आलं तरच अहमदपूरच्या अंबिकाला लातूरला ठेवायचं, नाहीतर गावातच शिकवायचं, असं तिच्या घरी ठरलं होतं. तिचे वडील विरूपाक्षप्पा दुकानदार. त्यांनी मोबाइलवर मला उघडलं, तर लाल नऊ बसलेला सोमवारच्या खाली!

"सोमवार! महादेवाचा वार!" त्यांनी हात जोडले. "अंबे, पोरी, तुझं काम झालंच म्हण."

झालं. त्या घरात वार लक्षात राहिला, आकडा विसरला.

रविवारी सकाळी अभ्यासक्रम बघायला म्हणून अंबिकानं मला उघडलं. मी जीव तोडून पिवळी चौकट काढली, नेमकी लाल घराभोवती. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आप्पा, आज वार कोन्ता?"

"ऐतवार. का गं?"

"मंग हे आजच कसं दाखवून राहिलं?"

तिनं कार्यालयात फोन लावला. सुमय्यानं इकडे मला उघडलं आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! अगं, पेपर आजच हाय! आसशील तशी नीघ!"

बापलेक धावत एसटी स्टँडवर गेले. गाडी मिळाली, पण लातूर काही शेजारच्या गल्लीत नाही. इकडे घंटा झाली, फाटक लागलं. सुमय्या खिडकीशी उभी, मी तिच्या टेबलावर उघडी. काय सांगू तुम्हाला, ती वेळ सरता सरेना.

अखेर अंबिका आली. घामाघूम, चपलेचा अंगठा तुटलेला. सर फाटकापाशीच होते. सुमय्यानं धावत जाऊन वारांचा घोटाळा सांगितला. सरांची मान खाली गेली, पण कुलपावरचा हात हलला नाही.

"घंटेनंतर कुनीच न्हाई. एकीला सोडलं की समदे मागतील." सरांचा धाकटा भाऊ त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगाऱ्याखाली गेला होता. "भूकंपानं दिला होता का कुनाला वेळ?"

विरूपाक्षप्पांनी मान वळवली. अंबिकाला रडूही येईना.

"न्हाई दिला सर," सुमय्या म्हणाली, "पर तुमी भूकंप हाव का?"

सरांनी कुलूप काढलं. बाकीची पोरं पेपर देऊन गेली, तरी अंबिकासमोर ते स्वतः बसून राहिले, तिचा पूर्ण वेळ संपेपर्यंत. नंतर टेबलाशी येऊन म्हणाले, "सुमय्या, मला दाखव, माझं काय चुकलं ते."

अंबिका निवडली गेली. माझे वारही सरळ झाले. आता मात्र मला फारसं कुणी उघडत नाही. चालायचंच.

मित्रांनो, माझ्यासारखीला खुशाल बदला, सजवा. पण बदलून झालं की लांबून येणाऱ्या पोराच्या डोळ्यांनी एकदा बघून घ्या. माझं काय, चुकलेला महिना मी पुसून पुन्हा मांडते. त्या पोरीला तो ऐतवार एकदाच मिळणार होता.