पट्टीचा शून्य

खांबावरची पट्टी अडीच मीटर सांगत होती, आणि शिडीची सातवी पायरी पाण्याखाली गेली होती. दोन्ही खरं असूच शकत नव्हतं.

पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी दर तासाला वाचायची आणि नाल्याचं पाणी किती ते वर कळवायचं, ही माझी नोकरी. पाणी चारला लागलं की भोंगा वाजवायचा, मग काठच्या वस्तीनं घरं सोडायची. त्याच वस्तीत तळमजल्यावर माझी ताई राहते, अंथरुणाला खिळलेल्या सासूसकट. दोन वर्षांपूर्वी पाणी चारला टेकलं, तेव्हा नाल्याच्या भिंतीतल्या लोखंडी शिडीची वरून सातवी पायरी बुडाली होती. मी विसरलेले नाही.

त्यानंतर नाल्याच्या दोन्ही अंगांना इमारती उगवल्या. गाळ काढल्याची पाटी लागली. यंदा उन्हाळ्यात पट्टीही नव्यानं रंगली, लाल-पांढरी, ठळक. तेव्हापासून ती फारच शहाण्यासारखी वागायला लागली. कितीही कोसळू दे, दोनच्या आसपासच घुटमळायची. माझ्या मनात पाल चुकचुकली.

साहेबांना फोन लावला.

"साहेब, पट्टी खोटं बोलतेय. शिडीची सातवी पायरी बुडालीय आणि ही अडीच सांगतेय."

"बाई, शिडीवर विश्वास आणि पट्टीवर नाही? शिडी खाली सरकली असेल."

"काँक्रीटमध्ये रोवलीय ती."

"आकडा अडीच आहे ना? अडीचच कळवा. फुकट भोंगा वाजला तर उत्तर तुम्ही द्याल."

पट्टी का चुकतेय, किती चुकतेय, काही विचारलं नाही. हा माणूस नुसता आळशी नव्हता. याला काहीतरी माहीत होतं.

मग पट्टी रंगवणाऱ्या रंगाऱ्याला फोनवर गाठलं.

"काय काकू, रंग उडाला का माझा?"

"रंग राहू दे. शून्य कुठून धरलास?"

"तळापासून. साहेबांनीच सांगितलं."

"तळाला काय होतं?"

"चिखल, दुसरं काय! गुडघ्यापर्यंत रुतलो. एक चप्पल अजून तिथंच आहे." तो हसला. "जुनी पट्टी चिखलात आत उतरलेली दिसत होती. खणू का म्हटलं, तर म्हणाले, दिसतंय तिथून रंगव."

झालं. दीड मीटर गाळ कागदावर निघाला होता आणि नाल्यात तसाच बसला होता. त्याच्या डोक्यावर यांचा शून्य. पट्टी चुकली म्हणावं, तर गाळ काढलाच नाही हेही म्हणावं लागतं. त्यापेक्षा चारला अडीच म्हणायचं. बुडणारे काय, तळमजल्यावरचे!

मी भोंगा वाजवला.

पाच मिनिटांत ताईचा फोन. "अगं, इथं वस्तीतल्या पातळीच्या बोर्डावर अडीच दिसतंय! शेजारी विचारतायत, बहिणीचं डोकं फिरलं का?"

"शिव्या वरच्या मजल्यावर जाऊन घाल. आधी सासूबाईंना उचला."

"त्या म्हणतात, मी नाही हलायची."

"मग खाटेसकट न्या!"

खाटेसकटच नेलं. पाऊण तासानं नाला ताईच्या उंबऱ्यावरून आत शिरला. पट्टी तेव्हाही तीनच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं पत्र हातात पडलं. पातळी अडीच असताना भोंगा का वाजवला, याचा लेखी खुलासा द्यावा.

दिला. "पाणी ओसरलं की खांबाशी या. फावडं मी आणते. रंगाऱ्याची चप्पल सापडेल, तिथं थांबू नका. जुना शून्य तिच्याही खाली आहे."