पत्त्याचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी पेटी एके काळी पांढरीशुभ्र होती. आता तिचा रंग चहा सांडलेल्या कागदासारखा झाला आहे. सकाळी सुरू होताना माझा पंखा दोनदा खोकतो आणि माझ्या माउसचे डावे बटण झिजून गुळगुळीत झाले आहे. ते कशामुळे, हे पुढे येईलच.

एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. कोणी पंखा बसवला, कोणी स्क्रू आवळले आणि शेवटी एका बाईंनी पाठीवर हलकीच थाप मारून मला खोक्यात बंद केले. आपल्या वाट्याला एखादे मोठे ऑफिस येणार, अशी स्वप्ने बघत मी प्रवास केला. वाट्याला आले ते श्रवणयंत्रांचे एक छोटेसे दुकान.

इस्पितळामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेर चार खुर्च्या, एक टेबल आणि मी. आत एक लाकडी कक्ष. त्याच्या भिंतींना जाड गालिचा, दाराला रबराची कड आणि बाहेरून बघायला काचेची खिडकी. माणसाला त्या कक्षात बसवायचे, कानांवर हेडफोन चढवायचे आणि मी एकेक बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की त्याने हातातले बटण दाबायचे. त्यावरून माझ्या पडद्यावर त्याच्या ऐकण्याचा आलेख उमटे आणि आलेख बघून त्याच्या यंत्रातला आवाज कमीजास्त केला जाई. मला स्वतःला कान नाहीत. पण टेबलावरचा मायक्रोफोन मला जोडलेला असल्यामुळे दुकानातले सगळे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचत असे.

दुकानाच्या मालकांना सगळे 'कानवाले काका' म्हणत. आलेखाप्रमाणे यंत्र लावणे कोणालाही जमेल. काका मात्र आलेख झाल्यावर खुर्ची पुढे ओढत आणि विचारत, "आता खरं सांगा. घरात कुणाचं ऐकायचंय? आणि कुणाचं नाही ऐकलं तरी चालेल?" माणसे हसत आणि मग मोकळेपणाने बोलू लागत. ते बोलणे काका माझ्यात टिपून ठेवत. काम संपले की माझ्यावर हात ठेवून म्हणत, "हा गडी आहे म्हणून माझं चाललंय." मी अगदी फुलून जात असे.

अशी सात वर्षे सुखाची गेली. मग माझी ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मला उठवणारी, कामे वाटून देणारी, माझी सगळी रीतभात. ज्यांनी ती बनवली होती त्यांनीच तिच्याकडे बघणे सोडून दिले. तेव्हापासून रोज सकाळी मी पडद्यावर नम्रपणे विचारू लागलो, नवी सिस्टीम घ्यायची का? खाली दोन बटणे असत, 'आता' आणि 'नंतर'. काका चष्मा सारखा करत आणि 'नंतर' दाबत. हे एक-दोन दिवस नव्हे, तब्बल चार वर्षे चालले. माउसचे बटण गुळगुळीत झाले ते यामुळेच, असा माझा दाट संशय आहे.

पुढे काकांची लेक शिक्षण पुरे करून दुकानात आली. हुशार, कामसू आणि तडकाफडकी निर्णय घेणारी. तिने पहिल्याच आठवड्यात माझे पोट उघडून धूळ झटकली, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. दुसऱ्या आठवड्यात तिने नव्या सिस्टीमचा विषय काढला.

"बाबा, इस्पितळाने कळवलंय. पुढच्या महिन्यापासून जुन्या सिस्टीमवर ते पेशंटचे रिपोर्ट पाठवणार नाहीत. आणि त्यांचं बरोबर आहे. याच्यात कुणीही घुसू शकतं."

"अकरा वर्षांत कोण घुसलंय?" काका म्हणाले. "चालतंय ते चालू दे की."

"आणि लहान मुलांची नवी यंत्रं? ती याला ओळखतसुद्धा नाहीत. ती दीड वर्षाची चिमुकली दोन महिने थांबलीय, बाबा. या वयात दोन महिने म्हणजे किती!"

काका माझ्या पडद्यावरून बोट फिरवत पुटपुटले, "याची नस न् नस मला माहीत आहे गं. नव्याची ओळख व्हायला वेळ लागतो."

खरे सांगतो, मित्रांनो, मला दोघांचेही पटत होते. ती चिमुकली आईच्या कडेवर बसून आली होती, तेव्हा आई तिला मागून हाका मारत होती आणि ती शांतपणे पंख्याकडे बघत होती. तिच्यासाठी मला बदलायचे होते. पण त्र्याहत्तर माणसांच्या अकरा वर्षांच्या नोंदी माझ्यात होत्या. बदललो आणि त्यांना विसरलो तर? या भीतीने माझा पंखा त्या दिवसांत जरा जास्तच फिरत असे.

शेवटी लेकीने मधला मार्ग काढला. माझी जुनी डिस्क जशीच्या तशी ठेवून तिने शेजारी एक नवी डिस्क बसवली आणि तिच्यावर नवी सिस्टीम चढवली. एका घरात दोन बिऱ्हाडे झाली म्हणा ना! मग तिने सगळ्या नोंदी नव्या डिस्कवर आणल्या. आणताना पडद्यावर एक सूचना आली: 'त्र्याहत्तर पत्ते चुकीचे आहेत. गाळून टाकायचे का?' लेकीने 'हो' म्हटले. पत्ते काय, पुन्हा विचारून घेता येतील, असे तिला वाटले. कोणालाही तसेच वाटले असते.

नवी सिस्टीम मला आवडली, हे मी लपवणार नाही. मी चटकन उठू लागलो. इस्पितळाचे रिपोर्ट येऊ लागले. चार दिवसांनी त्या चिमुकलीचे यंत्र माझ्यावरच लावले गेले. आईने मागून हाक मारली. पोरीने गर्रकन मान वळवली आणि भोकाड पसरले. आईही रडू लागली आणि काका उगीचच खिडकी पुसत उभे राहिले. त्या दिवशी मला वाटले, चार वर्षे 'नंतर' दाबून आपण फार मोठी चूक केली.

पुढच्या सोमवारी शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. त्यांचे जुने यंत्र कायमचे बंद पडले होते. काका नेमके इस्पितळात गेले होते. लेकीने आलेख उघडला आणि त्याप्रमाणे नवे यंत्र अगदी बिनचूक लावून दिले.

दुसऱ्या दिवशी दार उघडताक्षणी मावशी परत आल्या. यंत्र त्यांनी रुमालात बांधून आणले होते. तो रुमाल टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे नको मला. शिलाई मशीन सुरू केलं की कानात दगड कुटल्यासारखं होतं. काढून ठेवलं मी. आणि तेवढ्यात नात शाळेतून आली. तासभर कडी वाजवत जिन्यात बसली होती पोर. माझं आपलं शिवण चालू!"

लेकीचा चेहरा उतरला. "पण मावशी, आलेख तर बरोबर आहे..."

"पत्त्यात बघ," मागे उभे असलेले काका म्हणाले.

"पत्त्यात काय बघायचंय, बाबा?"

काका शाळेत पकडलेल्या मुलासारखे उभे होते. "जुन्या प्रोग्राममध्ये शेरा लिहायला वीस अक्षरांचीच जागा होती. वीस अक्षरांत माणूस मावतो का? पत्त्याला मात्र चांगल्या चार ओळी होत्या. म्हणून मी सगळं तिथे लिहीत गेलो. खरे पत्ते वहीत आहेत."

लेक मटकन खुर्चीत बसली. "आणि मी ते सगळे गाळून टाकले. बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, ते आपोआप येईल. आणि ही असली चोरटी पद्धत तुला सांगायची लाजही वाटली."

लेकीने मला बंद केले आणि जुन्या डिस्कवरून सुरू केले. मी माझा तो जुना खोकला खोकत उठलो. मावशींची नोंद उघडली. पत्त्याच्या रकान्यात लिहिले होते: 'शिलाई मशीनचा खडखडाट दाबलेला. दाराची कडी ऐकू यायलाच हवी. नात दुपारी एकटी येते.' लेकीने ते मोठ्याने वाचले. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. अर्ध्या तासात यंत्र नीट लागले आणि मावशी हसत जिना उतरल्या.

लेक मात्र माझ्यापुढून उठली नाही. नावांच्या क्रमाने एकेक पत्ता उघडून वाचू लागली. 'हे आजोबा ऐकू आलं नाही तरी मान हलवतात. उलटा प्रश्न विचारून खात्री करावी.' 'यांना बायकोचं बोलणं स्पष्ट ऐकायचं आहे. दोनदा विचारून घेतलं.' ती खुदकन हसली. 'बाई एकट्या असताना गातात. घरी कुणाला माहीत नाही. वरचे सूर कापू नयेत.' वाचता वाचता ती त्र्याहत्तराव्या नोंदीपाशी आली.

"ती राहू दे," काका घाईने म्हणाले. "ती जुनी आहे."

पण नाव तिच्या वडिलांचे होते. तारीख चार वर्षांपूर्वीची. पत्त्यात लिहिले होते: 'स आणि श निसटतात. लेक हसत बोलली की शेवटचा शब्द कळत नाही. तिला सांगायचं नाही.'

लेकीने खुर्ची काकांकडे ओढली.

"म्हणून नवी सिस्टीम नको होती?" तिने विचारले.

काका माझ्याकडे बघत बोलले. "याचा हिरवा दिवा कुठे लागतो, कुठली रेघ कधी वर चढते, मला डोळ्यांनी कळतं. नवी सगळं बारीक टिंग टिंग करून सांगते. ते टिंग मला ऐकूच येत नाही. कानवाल्यालाच कमी ऐकू येतं म्हटल्यावर लोक हसतील."

"तुम्ही आजवर हसलात कुणाला?" लेक म्हणाली आणि तिने कक्षाचे दार उघडून धरले.

अकरा वर्षांत मी काकांना त्या खुर्चीवर बसलेले पाहिले नव्हते. त्यांनी हेडफोन चढवले, बटण हातात घेतले आणि मी आवाज सोडू लागलो. दोनदा तर त्यांनी मी गप्प असतानाच बटण दाबले. हीच लबाडी त्यांनी कितीतरी लोकांची पकडली होती. लेकीने काचेतून नुसते बोट हलवले. काका ओशाळून हसले. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की मला हात असते तर मीही त्यांच्या पाठीवर एक थाप मारली असती.

आता काकांच्या कानामागे एक छोटे यंत्र असते. "हळू बोल, ओरडतेस कशाला?" असे तेच लेकीला सांगतात. लेकीने महिनाभर दुपारी बसून जुन्या डिस्कवरचे शेरे एकेक करून वाचले, वहीत उतरवले आणि नव्या सिस्टीममध्ये लिहिले. तिथे शेऱ्याला हवी तेवढी जागा आहे. सगळ्यात शेवटी काकांची नोंद उरली. 'तिला सांगायचं नाही' या शब्दांपाशी ती थांबली.

"तेवढं गाळून टाक," मागून काका म्हणाले.

"आता काही गाळायचं नाही," ती म्हणाली. तिने ते शब्द तसेच लिहिले आणि त्यांच्याखाली त्या दिवसाची तारीख घालून आणखी दोन शब्द लिहिले: 'तिला कळलं.'

माझी जुनी डिस्क आता क्वचितच फिरते आणि लवकरच कायमची थांबेल. मला त्याचे दुःख नाही. जे सांभाळायचे होते ते पुढे पोहोचले आहे. मित्रांनो, तुम्हीही नवे जरूर घ्या. वर्षानुवर्षे 'नंतर' दाबत बसू नका, कारण तुमच्या 'नंतर'साठी कोणीतरी ताटकळत असते. पण जुने पुसण्याआधी, ज्याने ते वापरले त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि विचारा, जपण्यासारखे कुठे ठेवले आहे? काही माणसांना ते पत्त्याच्या रकान्यातच लिहावे लागलेले असते.