चष्मेवाल्याच्या धाकटीची नजर

चष्मेवाल्याला आपल्या पारखीचा भारी गर्व. गिऱ्हाईक दारातून आत पाऊल टाकतंय न टाकतंय तोच हा काउंटरमागून सांगणार, "डावा डोळा कमी दिसतो ना? मान वाकडी करून चालताय." आणि बहुतेक वेळा ते खरंच निघायचं, तीच तर पंचाईत. वीस वर्षं खरं निघत गेल्यावर माणसाचं काय होतं ते काही वेगळं सांगायला नको. घरी कुणी "जरा बघता का" म्हणालं की हा म्हणायचा, "मी बघतोच आहे. दिवसभर तेच करतो."

घरात दोन मुली. थोरली दहाची, धाकटी सातची. थोरलीची वही नीटनेटकी, वेणी घट्ट, उत्तर जिभेवर. तिला बापानं नाव ठेवलं होतं मास्तरीणबाई. धाकटीचं नाव वेंधळी. हेही बापानंच ठेवलेलं, आणि पाहुण्यारावळ्यांत तो ते मोठ्या कौतुकानं सांगायचा. वेंधळी पायरी चुकायची. कुणी चेंडू फेकला की तो हातात न येता नाकावर यायचा. बाजारात आईचा हात सुटला तर दुसऱ्याच बाईचा हात धरून ती निवांत चालू लागायची, अगदी त्या बाईनं खाली वाकून "कोण गं तू?" असं विचारेपर्यंत. मग बापाचं ठरलेलं वाक्य यायचं, "डोळे फुटलेत का तुझे?"

दिवसातून चारदा तरी. इतकं ऐकून ऐकून घरात त्याचा अर्थच उरला नव्हता. वस्तू हरवली की ते म्हणायचं, एवढंच धाकटीला ठाऊक. थोरलीला खोडरबर सापडलं नाही की धाकटीही तिला गोड आवाजात विचारायची, "ताई, डोळे फुटलेत का तुझे?" आणि सगळे पोट धरून हसायचे. बाप सगळ्यांत जास्त.

आई पोस्टात खिडकीवर. संध्याकाळी सहापर्यंत तिची सुटका नाही, म्हणून शाळा सुटली की दोघी मुली दुकानात यायच्या आणि मागच्या भागात, दोन स्टुलांवर बसून अभ्यास करायच्या. तिथेच भिंतीवर तो तक्ता होता. वर एकच मोठं अक्षर, मग दोन, मग तीन, असं करत खाली शेवटच्या ओळीत मुंग्यांएवढी आठ अक्षरं. समोर जमिनीवर पिवळी पट्टी. गिऱ्हाइकानं पट्टीवर उभं राहायचं आणि वाचायचं.

दोन्ही मुली अक्षरं शिकल्या त्या याच तक्त्यावर. दुकान रिकामं असलं की बाप पोरीला कडेवर घेऊन तक्त्याला नाक लावून उभा राहायचा, एकेका अक्षरावर बोट ठेवायचा. धाकटी तर शाळेत जायच्या आधीच सगळा तक्ता गाण्यासारखा म्हणायला लागली. "ट न प ग, र ल व म" ही शेवटची ओळ म्हणताना ती मान डोलवायची. आता, हे शिकवलं कुणी? यानंच. मग पुढे विसरलं कोण? हाच. आपण मुलीला काय पाजलंय हे तीन वर्षांत विसरून जाऊन तीच गोष्ट तिची कमाल म्हणून गिऱ्हाइकांना दाखवायला कमालीचा आत्मविश्वास लागतो. तो याच्याकडे पोत्यानं होता.

म्हणजे व्हायचं असं. एखादं अडेल गिऱ्हाईक म्हणायचं, "शेवटची ओळ कुणालाच दिसत नाही हो. उगाच नंबर वाढवता तुम्ही." की हा हाक मारायचा, "ये गं इकडे!" धाकटी पट्टीवर येऊन उभी राहायची. हात मागे, हनुवटी वर. वरच्या अक्षरापासून मुंग्यांपर्यंत घडाघडा. गिऱ्हाईक गार. बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "आमच्या घरचे डोळे आहेत हे!" आणि चष्मा खपायचा.

तेवढाच हात तिच्या डोक्यावर यायचा. एरवी शाबासकी सगळी मास्तरीणबाईच्या वाट्याची. त्यामुळे धाकटी त्या पिवळ्या पट्टीवर जितकी ताठ उभी राहायची तितकी जगात कुठेच राहायची नाही.

दोन महिन्यांपूर्वी शाळेतून बाईंची चिठ्ठी आली होती. दुसरीतली ही मुलगी फळ्यावरचं उतरवून घेत नाही, कृपया नजर तपासून घ्यावी. चिठ्ठी वाचून चष्मेवाल्याच्या नाकपुड्या फुलल्या. चष्मेवाल्याच्या मुलीची नजर तपासून घ्या! बायको म्हणाली, "अहो, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरना दाखवू या की. आपलं काय जातं?"

"माझी अब्रू जाते," हा म्हणाला. "घरात दुकान आणि पोरगी परक्याच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील."

मागच्या खोलीत नजर मोजायचं चांगलं महागाचं यंत्र होतं. त्यावरची खोळही यानं काढली नाही. धाकटीला पट्टीवर उभं केलं, तिनं तक्ता म्हणून दाखवला, झाली तपासणी. मग त्यानं बाईंना उत्तर लिहिलं, "मुलीची नजर उत्तम आहे. आपणांस शंका असल्यास आपली स्वतःची तपासून घ्यावी. शिक्षकांस दहा टक्के सवलत आहे." हे उत्तर त्यानं आधी बायकोला, मग शेजारच्या शिंप्याला आणि मग दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. नंतर ते पाकिटात गेलं.

बाईंनी सवलत घेतली नाही. या शुक्रवारी त्यांची दुसरी चिठ्ठी आली, ती छापील फॉर्मसकट. नजर उत्तम असल्याचं आपण कळवलंत, त्या अर्थी मुलीचं लक्षच नाही. ती वर्गाबरोबर येऊ शकत नाही. सोमवारपासून तिला पुन्हा पहिलीत बसवावं लागेल. पालकांची सही हवी.

"पहिलीत!" चष्मेवाला ओरडला. "माझी मुलगी, आणि खाली? हे सगळं तुझ्या लक्ष नसण्यामुळे. बस पहिलीत, लहान पोरांमध्ये! मग येईल अक्कल. करतोच सही."

धाकटी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "पहिलीत फळा जवळ असतो का?"

"उलट बोलतेस?"

थोरलीला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. महिन्यापूर्वी दुकानाच्या पायरीवर बसून दोघी पाट्या वाचायचा खेळ खेळत होत्या. थोरली म्हणाली, "ती समोरची वाच." धाकटी म्हणाली, "कुठली समोरची?" रस्त्यापलीकडे छत्रीवाल्याची हातभर अक्षरांची लाल पाटी होती. धाकटीला तिथे नुसतं लाल काहीतरी दिसत होतं, आणि सगळ्यांना तसंच दिसतं, लोक आपले अंदाजानं बोलतात, अशी तिची समजूत होती. खरं कळल्यावर तिनं ताईला शपथ घातली. "बाबांना सांगू नकोस. मग ते मला पट्टीवर बोलावणार नाहीत."

मास्तरीणबाईनं आधी शपथ पाळली. पण फॉर्म आल्यावर तिनं शपथ मोडून बापाला सांगून पाहिलं. एकदा तो दात घासत असताना. "बाबा, हिला ना, लांबचं..." "चहाड्या नकोत." एकदा चहाच्या वेळी. "बाबा, हिला फळा..." "तू तिची बाजू घेऊ नकोस." तिसऱ्यांदा दुकानाचं शटर वर करताना. तेव्हा त्यानं नुसतं "गप" म्हटलं. आई दिवसभर खिडकीवर आणि संध्याकाळी ओट्यापाशी. तिला सांगितलं तर ती नवऱ्याला सांगणार आणि नवरा पुन्हा "गप" म्हणणार. दहा वर्षांच्या मुलीलाही एवढा हिशेब येतो.

शनिवारी संध्याकाळी दुकानात पोलिसातले एक निवृत्त साहेब आले. मिशा अजून नोकरीतच होत्या. ते पट्टीवर उभे राहिले, पाचव्या ओळीला अडले आणि खवळले. "हे काय वाचायचं? माणसाच्या डोळ्याला हे दिसणं शक्य नाही. फसवणूक आहे ही!"

चष्मेवाला खूश झाला. असं गिऱ्हाईक म्हणजे मेजवानीच. "बसा साहेब," तो म्हणाला. "आता गंमत बघा." तो फ्रेमांचा ट्रे काढायला काउंटरखाली वाकला आणि तिथूनच त्यानं हाक दिली, "ये गं इकडे! साहेबांना वाचून दाखव."

तो वाकलेला असताना थोरलीनं स्टुलावर चढून तक्ता खिळ्यावरून काढला आणि पाठीमागे धरून कोपऱ्यात उभी राहिली. भिंतीवर आता तक्त्याच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन होता आणि एक खिळा. बाकी काही नव्हतं.

धाकटी पट्टीवर आली. हात मागे, हनुवटी वर. भिंतीकडे तोंड करून तिनं सुरू केलं. वरचं मोठं अक्षर. मग दोन. मग तीन. चष्मेवाल्याची भिंतीकडे पाठ होती. तो साहेबांचा चेहरा बघत होता, कारण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर कुठल्या ओळीला काय उमटतं हे त्याला पाठ होतं. पाचव्या ओळीला भुवया वर जातात. सहाव्याला तोंड उघडतं. आज साहेबांच्या भुवया दुसऱ्याच ओळीला वर गेल्या. साहेब भिंतीकडे बघत, मग मुलीकडे, मग पुन्हा भिंतीकडे. चष्मेवाल्याला वाटलं, आज रंग भलताच चढलाय.

"ट न प ग, र ल व म!" धाकटीनं मान डोलवून संपवलं.

"आमच्या घरचे डोळे आहेत हे!" चष्मेवाला म्हणाला.

"चष्मेवाले," साहेब हळूच म्हणाले, "पोरगी वाचतेय काय?"

चष्मेवाला वळला. त्यानं चौकोन पाहिला, खिळा पाहिला. मग कोपऱ्यात थोरली दिसली. "कुणी काढला तक्ता?"

"मी," थोरली म्हणाली. "तीनदा सांगायला आले तुम्हाला, तीनदा! तिला काहीच दिसत नाही, बाबा."

धाकटी अजून पट्टीवरच उभी होती. नेहमीप्रमाणे डोक्यावर हात आला नाही म्हणून ती गोंधळली. भिंतीकडे डोळे बारीक करून तिनं विचारलं, "बाबा, एखादी ओळ राहिली का?"

साहेब उठले. चोर पकडण्यात हयात गेलेल्या त्या माणसानं टोपी घातली आणि "सोमवारी येतो. पाचव्या ओळीचं तेव्हा बघू," असं म्हणून ते निघून गेले. जाताना त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. चष्मेवाल्याला तो हात मुस्काटात बसल्यासारखा लागला.

मग त्यानं दुकानाचं शटर खाली ओढलं आणि यंत्रावरची खोळ काढली. नंतर ती जड, गोल फ्रेम धाकटीच्या नाकावर ठेवली, जिच्यात एकेक काच सरकवून बघतात. तक्ता तर आता कामाचा नव्हता, म्हणून थोरलीनं जुन्या वहीची पानं फाडून त्यांवर जाड पेननं नवी अक्षरं लिहिली आणि ती भिंतीपाशी एकेक पान धरून उभी राहिली. हा काच बदलायचा, विचारायचा, "आता?" धाकटी म्हणायची, "ताईच्या हातात काहीतरी पांढरं आहे." पुन्हा काच. "आता?" "पांढऱ्यावर काळं आहे." नंबर वाढत गेला तसा याचा आवाज बारीक होत गेला. उणे साडेतीनला धाकटी एकदम म्हणाली, "अय्या, ताई, तू रडतेयस?"

गिऱ्हाइकाची वाकडी मान ओळखणाऱ्या माणसानं मग स्टुलावर बसून घेतलं. लाज वाटली त्याला, चांगली सणसणीत. धाकटीला भलतीच धास्ती. तिनं ती जड फ्रेम दोन्ही हातांनी धरून विचारलं, "आता तुम्ही मला पट्टीवर बोलावणार नाही ना?"

त्यानं उणे साडेतीन हा नंबर एका कागदावर उतरवून घेतला.

रविवारी दुकान बंद असतं. त्यानं ते उघडलं, काचा स्वतः घासल्या, फ्रेम स्वतः निवडली. बाईंच्या फॉर्मवर सहीच्या जागी त्यानं काट मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "मुलीची नजर उणे साडेतीन आहे. लक्ष माझं नव्हतं. तिला दुसरीतच, पुढच्या बाकावर बसवावं ही विनंती." ही तीन वाक्यं लिहायला त्याला पाऊण तास लागला. सवलतीचं वाक्य त्याच्या मानानं झरझर उतरलं होतं. हे उत्तर त्यानं कुणालाही वाचून दाखवलं नाही. बायकोनं त्याच्या खिशातून काढून स्वतःच वाचलं आणि घडी घालून परत ठेवलं.

संध्याकाळी दोघी मुलींना घेऊन तो दुकानात आला. धाकटी काउंटरवर पाय हलवत बसली. चष्मा तिच्या नाकावर बसवून पाहिला तर एक काडी जरा सैल निघाली. तो ती घट्ट करायला गेला. स्क्रू निसटला. मोहरीच्या निम्म्याएवढा स्क्रू, टिक् करून जमिनीवर पडला.

तो गुडघ्यांवर बसला. काउंटरखाली हात फिरवला, स्टुलाखाली फिरवला. डोळ्यांत पाणी तरारलेलं, समोर सगळं नुसतं पांढरं आणि काळं. पोरी बघतायत म्हणून पुसायचीही सोय नाही. तो आपला फरशी चाचपत राहिला.

धाकटीनं एका काडीचा तो चष्मा बोटानं नाकावर दाबून धरला आणि वरून खाली पाहिलं. दुकान, फरशी, फरशीवरची पिवळी पट्टी, पट्टीच्या कडेला चमकणारा एक ठिपका, आणि त्याच्या वीतभर पलीकडे चाचपणारा बापाचा हात. सगळं कसं लख्ख.

"ते काय, पट्टीपाशी," ती म्हणाली. आणि घरात अशा वेळी जे म्हणतात तेच, अगदी गोड आवाजात तिनं विचारलं, "बाबा, डोळे फुटलेत का तुमचे?"

कुणीच हसलं नाही. धाकटीला कळेना, आपलं काय चुकलं.