तीन मिनिटांची घंटी

पालिकेच्या साहेबांनी टेबलावरची घंटी सरकवत सरकवत ठिणगीच्या पुढ्यात आणून ठेवली. पितळेची, वाटीएवढी. शेजारी एक छोटं घड्याळही ठेवलं.

“आज हे तुम्ही सांभाळा. प्रत्येकाला तीन मिनिटं. झाली की वाजवायची. तुमच्याच वस्तीतले लोक आहेत, तुमचं ऐकतील.”

“आणि मी कधी बोलायचं?”

“तुम्ही?” साहेब हसले. माणूस गोड होता, तीच तर पंचाईत होती. “अहो, तुम्ही सदस्य. सदस्यांनी समितीत बोलायचं. सुनावणी नागरिकांची असते.”

“मग मी नागरिक नाही का?”

“तुम्ही नागरिकांचे प्रतिनिधी,” साहेब म्हणाले, आणि माइक सुरू आहे का ते बघायला टिचकी मारली.

ठिणगी म्हणजे रुळांपलीकडच्या वस्तीतला वेल्डर. हे नाव धंद्यावरून पडलं असं तो सांगायचा, पण खरं ते तोंडावरून पडलेलं. वस्तीतला दवाखाना हलवायचं पालिकेच्या मनात आलं, तेव्हा याच सभागृहात मागच्या बाकावर उभा राहून तो असा काही पेटला होता की साहेबांनी फाइल मिटून काखेत मारली. दवाखाना जागचा हलला नाही. पुढे काही महिन्यांनी पालिकेचा माणूस घरी आला. शहराच्या प्रत्येक भागाला सारखा वाटा मिळावा म्हणून नागरिक सल्लागार समिती नेमलीय, तुम्हाला त्यात घेतलंय. वस्तीने त्याला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. बायकोने कपाटातला चांगला शर्ट काढून इस्त्री केली.

“इतकी वर्षं बाहेरून बोंबललात,” ती म्हणाली. “आता आत बसून भांडा.”

आत बसून तो भांडलाही. रुळांवरचा पादचारी पूल पाडायचं घाटत होतं. गंजलाय, दुरुस्ती परवडत नाही, लांबून गाड्यांचा रस्ता आहेच. ठिणगी म्हणाला, त्या रस्त्याने चालत कोण जाणार? लोक सरळ रुळांवरून जातील आणि मरतील. समितीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी मान डोलावली. औषधवाले शेटही हळहळले. साहेब म्हणाले, “फार मोलाचा मुद्दा. नोंद घेतली.”

पहिल्यांदा हे ऐकून तो नाचतच घरी गेला होता. “नोंद घेतली माझी!” मग दर बैठकीत नोंद व्हायला लागली. एकदा वैतागून तो म्हणाला, हा पंखा करकरतोय, तर त्याचीही नोंद झाली. पंखा अजून करकरतच होता.

आज पुलाच्या सुनावणीला खुर्च्या अर्ध्याच भरल्या होत्या. पूर्वी वस्ती लोटायची, उभं राहायला जागा नसायची. आता जो तो म्हणायचा, आपला माणूस आत आहे की, आपण कशाला कामाचा खाडा करायचा? ठिणगीनेच सगळ्यांना सांगितलं होतं, “मी बघतो.”

बायको मात्र आली. शाळेच्या स्वयंपाकघरातून तशीच, हातात पिशवी घेऊन. शाळा रुळांच्या अलीकडे, घर पलीकडे. दुखरा गुडघा घेऊन रोज दोनदा त्याच पुलावरून तिची ये-जा.

आधी एक म्हातारे काका बोलले आणि घंटी व्हायच्या आतच आटोपले. मग तिचं नाव पुकारलं. घरात तिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही, पण माइकसमोर ती शाळकरी पोरीसारखी उभी राहिली. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं.

“मी काय बोलू? आमचे हे बसलेत तिथे. तेच सांगतील सगळं नीट.”

लोक हसले. सगळ्यांच्या माना ठिणगीकडे वळल्या. तो अर्धवट उठला.

“नियम,” साहेब त्याच्या कानाशी पुटपुटले.

तो खाली बसला. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिला कळलं. पिशवी तिने या हातातून त्या हातात घेतली आणि बोलायला लागली. गुडघ्याचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं, शेजारणीच्या जुळ्यांना शाळेत कोण सोडतं तेही सांगितलं. घड्याळाचा काटा फिरत होता. ठिणगी मनातल्या मनात म्हणत होता, अगं, ते राहू दे, मुद्द्याचं बोल.

“आणि पूल नव्हता ना,” ती म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आला, “तेव्हा माझा धाकटा भाऊ...”

तीन मिनिटं झाली.

ठिणगीने घंटीवर पंजा ठेवला. वाजवायला नव्हे, झाकायला. मेहुण्याला रुळांवरून चादरीत गोळा करून आणणाऱ्यांत तो स्वतः होता. त्यानंतरच तो पहिल्यांदा या सभागृहात ओरडला होता, आणि त्यानंतरच पूल झाला होता.

“वेळ झाली,” साहेब हळूच म्हणाले.

“बोलू द्या तिला.”

“तिला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल. घरच्या माणसाला वेगळा न्याय नको. सगळ्यांना सारखं, तुम्हीच म्हणता ना?”

ठिणगीने घंटी वाजवली.

आवाज काही मोठा नव्हता. ती वाक्याच्या मध्येच थांबली. त्याच्याकडे बघत म्हणाली, “झालं का?” आणि जागेवर जाऊन बसली.

शेवटी साहेबांनी वाचून दाखवलं. वस्तीच्या प्रतिनिधीसह सर्वांशी सल्लामसलत करून पूल पाडण्याचं ठरलं आहे.

“मी विरोध केला होता!” ठिणगी म्हणाला.

“हो, हो. त्याची नोंद आहे,” साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “इतकी शांत सुनावणी आजवर झाली नव्हती. तुमच्यामुळे.”

परतताना पुलावर ती त्याच्या पुढे होती. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढत होती. चार ढांगांत त्याने तिला गाठलं असतं. तो मागेच राहिला.

घरी तिने दोघांची ताटं घेतली. तो हात धुऊन बसला. बराच वेळ घसा खाकरत राहिला.

“अगं, ऐक ना. त्यांचा नियमच तसा आहे. मी काय म्हणत होतो...”

तिने चमचा उचलला आणि पेल्यावर हलकेच मारला.

मग त्याच चमच्याने त्याच्या ताटात वाढलं. तो खाली मान घालून जेवला.