मेघाचं चौथं प्रकरण

गोपाळराव स्वतः नोकरीतून निवृत्त झाले तेव्हाही इतके मिरवले नव्हते. लेकीच्या, मेघाच्या, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही जाऊन ऐकू शकतं, हे कळल्यापासून त्यांना काही दम निघेना. रविवारी बुद्धवंदना आटोपताच त्यांनी जरीपटक्याच्या विहारात माइक हातात घेतला आणि अख्ख्या वस्तीला आवतन देऊन टाकलं. मेघाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

परीक्षेच्या दिवशी रामदासपेठेतल्या कॉलेजपुढे मिनीबस थांबली आणि पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे उतरू लागले. विहारातून निघायचं तर पांढरंच घालायचं, ही वस्तीची रीत. परीक्षेला कोण काय घालतं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. दारात उभ्या मेघाच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, एवढे लोक काहून आणले? परीक्षा आहे माही, लग्न नाही!"

"खुली आहे म्हणून तूच सांगितलं होतं न वं."

"माहे गाइड सर आधीच म्हणून राहिले, प्रबंधातलं चौथं प्रकरण काढून टाक, परीक्षक त्याच्यावरच अडवतील. आता तुम्हाले पाहून म्हणतील, पोरगी घरचं गाऱ्हाणं घेऊन आली."

गोपाळरावांचा चेहरा खर्रकन उतरला. लेकीची वर्षानुवर्षांची मेहनत आपल्या हौसेपायी पाण्यात जाते की काय! ते शेवटच्या रांगेत अंग चोरून बसले. शेजारी त्यांची थोरली बहीण इंदूबाई ऐसपैस बसली. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला ती आईचं बोट धरून गेली होती. कॉलेजच्या हॉलला ती थोडीच भिणार?

मेघाचा अभ्यास होता उद्याच्या जुलमी राज्यांच्या कादंबऱ्यांचा. तिथली सत्ता माणसांना मुठीत कशी ठेवते, याची तुलना. बोलायला लागली आणि तिची भीड चेपली. काही कादंबऱ्यांत भीती असते, म्हणाली; घराघरांत पाळत आणि शेजारीच खबऱ्या. काहींत सुख असतं. पोट भरलेलं, करमणूक अखंड, मग प्रश्न विचारतो कोण? आणि काहींत जन्मतःच पायरी ठरते. ती मनात इतकी मुरवतात की वर पहारेकरी ठेवायची गरजच उरत नाही. गोपाळरावांना पहिली दोन जेमतेम कळली. तिसरं मात्र कुणी समजावून सांगायला नको होतं.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा सारखा केला. "तुलना उत्तम आहे. पण चौथ्या प्रकरणात तुम्ही म्हणता, ही पकड मोडता येते. तुम्ही निवडलेल्या प्रत्येक कादंबरीत बंड करणारा हरतो. मग हे आणलंत कुठून?"

आलं ते अडवणं! गोपाळरावांनी रुमाल घट्ट मुठीत धरला. मेघानं हातातल्या कागदांकडे पाहिलं, मग शेवटच्या रांगेकडे.

"सर, तो हरतो कारण तो एकटा असतो. भीती दाखवा, सुख द्या की पायरी ठरवून द्या, माणसं एकमेकांपासून तुटतात. म्हणून तो चोरून विचार करतो, चोरून प्रेम करतो आणि एकटाच सापडतो. लाखो माणसांनी भर दिवसा एका मैदानात येऊन आपली पायरी नाकारावी, हे मी वाचलेल्या एकाही कादंबरीत घडत नाही. माझ्या घरच्यांनी ते केलं. याच शहरात. त्या दिवशीही ते पांढरंच नेसले होते." तिनं मान ताठ केली. "आत्या, बाबा, सगळे जरा उभे राहता का?"

खुर्च्या सरकल्या. मागचा अर्धा हॉल पांढराशुभ्र उभा राहिला. परीक्षक स्वतःही उठले आणि मेघाच्या सरांकडे वळून म्हणाले, "चौथं प्रकरण आहे तसंच राहू द्या."

एकटे गोपाळराव तेवढे बसलेले होते, तोंडाला रुमाल लावून. इंदूबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"उठ न गा गोपाळ! पोरगी आपल्यालेच दाखवून राहिली."