लाल शनीलचं गांडूळ

“ही माशी नाही म्हणतायत,” ईप्सिता म्हणाली.

मासेमारी क्लबचे परीक्षक लांगे यांनी तिचा गळ चिमट्यात धरून उजेडात नेला होता. ट्राउट मासा पकडायला गळावर पिसांच्या, दोऱ्यांच्या नकली माशा बांधतात. त्यांतलं नवशिक्याचं काम म्हणजे गांडूळ. लाल शनीलचा, म्हणजे मखमली दोऱ्याचा, दोन इंची तुकडा गळावर बांधायचा आणि दोन्ही टोकं मोकळी सोडायची.

“मग काय आहे म्हणतात?”

“आळशी लोकांचं काम.”

खोलीतली बाकीची मुलं हसली. त्यांचे वडील हसले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला ते जास्त लागलं.

मी फेब्रुवारीत जर्मनीत येनाला लेकीकडे आलो, तेव्हा माझी नात ईप्सिता अकरा वर्षांची होती. आईबापांना ती जर्मनमध्येच उत्तरं द्यायची. मला जर्मन येत नाही, म्हणून माझ्याशी नाइलाजाने मराठी. तिला मासेमारीच्या क्लबात जायचं होतं. परीक्षा घेऊन नव्या मुलांपैकी तिघांनाच घेणार होते. जावई हरीशराव म्हणाले, “आपल्यात अंडं खात नाहीत आणि ही मासे मारणार?” मी म्हटलं, पकडेल आणि सोडून देईल, हाताला वळण तरी लागेल.

साताऱ्याकडच्या शाळांत मी चौतीस वर्षं हस्तकला शिकवली आहे. लायब्ररीतल्या पुस्तकातली चित्रं पाहून आधी मी शिकलो, मग तिला शिकवलं. गळावर साध्या दोऱ्याचे वेढे द्यायचे, त्यावर शनील, पुन्हा वेढे, मग गाठ. टोकं उसवू नयेत म्हणून त्यांना लायटरची धग नुसती दाखवायची. पहिल्या सहा गांडुळांची टोकं तिने जाळून टाकली. सातव्याची गाठ सुटली. “दोरा ओढू नकोस, बसव,” मी म्हणायचो आणि नवा गळ तिच्या हातात द्यायचो. अकरावं जमलं. तेच आता लांग्यांच्या चिमट्यात होतं.

“त्यांना विचार,” मी म्हटलं, “मासा याला तोंड लावतो की नाही?”

तिने विचारलं. लांगे काहीतरी तुटक बोलले आणि गळ टेबलावर टाकून पुढे गेले.

“बघू म्हणतात.”

दहा वाजता मुलं क्लबच्या ओढ्यावर गेली. ज्याने जे बांधलं त्यावरच त्याने मासा पकडायचा. पाण्याला बर्फाची कड होती. तासाभरात दोघांना मासा लागला, बाकीच्यांचे गळ झुडपांत अडकले. एका बापाने हात हलवून ईप्सिताला खालच्या अंगाला जायला सांगितलं. तिथे पाणी गढूळ होतं. ती निमूट गेली. तिथेच तिची काठी वाकली.

लांग्यांनी जाळी लावली. मासा वीतभराहून मोठा होता, अंगावर लाल ठिपके. लांग्यांनी तो पट्टीवर मोजला आणि होकारार्थी मान हलवली. मला राहवलं नाही.

“आता सोड त्याला, बाळा. सांग त्यांना, आम्ही शाकाहारी आहोत. आम्ही पकडतो, पण जीव घेत नाही.”

ईप्सिताचा चेहरा उतरला. लांगे तिच्याकडे बघत होते. आजोबा काय म्हणतात, असंच विचारलं असावं. ती बोलली. त्यातला ‘ओपा’, म्हणजे आजोबा, मला कळला, आणि ‘एसन’ कळला. एसन म्हणजे खाणं. घरात माझी लेक साधना दिवसातून तीनदा तेच ओरडते.

लांग्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मासा मारायचं एक आखूड दांडकं तिच्या हातात दिलं.

मी पुढे झालो. जे स्वतः केलं नाही ते मी कधी मुलांना करायला लावलं नव्हतं. लांग्यांनी हात आडवा धरून मला थांबवलं. एका फटक्याचं काम होतं. तिला तीन मारावे लागले.

ट्रॅममध्ये पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये होती.

“आजोबा, इथे सोडायला मासा पकडत नाहीत. खायचा नसेल तर पकडणं म्हणजे त्याला उगाच त्रास देणं. गेझेत्स आहे तसा. कायदा. तुमचं सांगितलं असतं तर मी आउट.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही शिकवलंच नसतं.”

खरं होतं ते.

घरी ईप्सिताने ओढ्यावरचं सगळं सांगितलं. साधनाने पिशवी उघडली आणि लगेच मिटली. “बाबा, हे या घरात शिजणार नाही. माझं एकही भांडं लावायचं नाही.”

“अहो, मास्तरकी केलीत तीसतीस वर्षं,” हरीशराव म्हणाले, “आणि नातीला काय शिकवलंत? खोटं बोलणं आणि जीव घेणं. गेनाऊ, अगदी हेच राहिलं होतं.”



“टाकून दे,” साधना म्हणाली. “विचारलं तर सांग, खाल्ला.”

ईप्सिता जर्मनमध्ये ओरडली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “मग मी त्याला मारलं कशाला?”



मी पिशवी घेऊन बाल्कनीत गेलो. माझ्या चहाची छोटी विजेची शेगडी तिथे होती. पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं तसं, पेन्सिल तासायच्या चाकूने पोट फाडून मी मासा साफ केला. दोनदा थांबावं लागलं. चांदीच्या कागदात गुंडाळून तो शेगडीवर ठेवला. साधनाने आतून काचेचं दार सरकवलं. वास येत होता.

ईप्सिता जाकीट घालून बाहेर आली आणि पायरीवर बसली. मी कागद उघडला. अडुसष्ट वर्षांत न केलेली गोष्ट करायला घास तोंडापर्यंत न्यावा लागतो, एवढंच. मी नेला. चावला. गिळला. ती माझ्या घशाकडे बघत होती.

“ऊंड? मग, कसा लागतो?”

“मीठ नाही. जा, घेऊन ये.”

ती आत गेली. काचेतून मला दिसलं, साधना मिठाच्या डब्यासमोर उभी होती आणि बाजूला झाली नाही. ईप्सिताही हलली नाही. दोघी तशाच समोरासमोर उभ्या राहिल्या.

मी काटे कागदाच्या कडेला एका रांगेत लावले आणि उरलेला मासा अळणीच खाल्ला.